सरासरीतली बाई आणि जातीचा रकाना

दरवर्षी जागतिक आर्थिक मंचाचा स्त्री-पुरुष तफावत निर्देशांक जाहीर होतो आणि आपल्याकडे दोन दिवस ठरलेला कार्यक्रम पार पडतो. भारताचा क्रमांक पाहून विरोधक सरकारवर टीका करतात, सरकारची बाजू मांडणारे निर्देशांकाच्या पद्धतीवर बोट ठेवतात आणि वाहिन्यांवर चर्चा झडतात. २०२४ मध्ये १४६ देशांत भारत १२९ वा होता, २०२५ मध्ये १४८ देशांत १३१ वा. या गदारोळात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या आकड्यात मोजलेली 'भारतीय स्त्री' नेमकी कोण आहे? तिची जात कोणती? आणि तिची तुलना ज्या पुरुषाशी केली, तो तरी कोणत्या जातीचा?

हा प्रश्न केवळ अभ्यासकांच्या वादाचा नाही. सरकार जे मोजते त्यावर योजना बेतल्या जातात, जिल्हे निवडले जातात आणि पैसा वाटला जातो. जे मोजलेच जात नाही, त्याच्यासाठी अर्थसंकल्पात जागा निघत नाही. २०२७ च्या जनगणनेत स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सर्व जातींची नोंद करण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केले. त्या नोंदीतून स्त्रियांविषयीचे तक्ते जातनिहाय निघणार की नाहीत, याची चर्चा आपल्या चळवळीत जितकी व्हायला हवी तितकी होताना मला दिसत नाही. म्हणून हा लेख.

आधी मोजमापाची रीत समजून घेऊ. जागतिक आर्थिक मंचाचा निर्देशांक २००६ पासून निघतो. आर्थिक सहभाग, शिक्षण, आरोग्य आणि राजकीय सत्ता या चार विभागांत तो स्त्री आणि पुरुष यांच्यातली तफावत मोजतो. लक्षात घ्यायची गोष्ट ही की तो पातळी मोजत नाही, फक्त तफावत मोजतो. एखाद्या समाजात शंभरातले वीसच पुरुष शिकलेले असतील आणि वीसच स्त्रिया, तर त्या बाबतीत तिथे पूर्ण समता आहे असे हा हिशेब सांगेल. श्रीमंत आणि गरीब देशांना एकाच फूटपट्टीने मोजता यावे म्हणून ही रीत मुद्दाम निवडलेली आहे, आणि देशांच्या तुलनेपुरती ती समजण्यासारखीही आहे. पण जातीच्या समाजात हीच रीत लावली की काय होते, ते पाहा.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या सर्व स्त्रियांचा कामातील सहभाग २५.५ टक्के होता, पुरुषांचा ५३.३ टक्के. अनुसूचित जमातींत मात्र स्त्रियांचा सहभाग ४३.५ टक्के आणि पुरुषांचा ५३.९ टक्के होता. केवळ तफावत पाहिली तर आदिवासी समाज कामाच्या बाबतीत देशाच्या कितीतरी पुढे आहे. देशात पुरुषांच्या दराच्या तुलनेत स्त्रियांचा दर निम्म्याहून कमी, तर आदिवासींत तो सुमारे ८१ टक्के. आता त्याच जनगणनेतली साक्षरता घ्या. सर्व स्त्रियांत ६४.६ टक्के साक्षर, अनुसूचित जातींच्या स्त्रियांत ५६.५ टक्के आणि अनुसूचित जमातींच्या स्त्रियांत ४९.४ टक्के. म्हणजे जी स्त्री कामाच्या रकान्यात 'समतेच्या' सर्वांत जवळ दिसते, तीच अक्षरापासून सर्वांत दूर ठेवली गेली आहे. तिचे काम कुठले? परक्याच्या शेतावरची मजुरी, वीटभट्टी, बांधकाम, जंगलातून लाकूडफाटा आणि मोहफुले गोळा करणे. ती कामावर आहे, कारण घरी बसणे तिला कधी परवडलेच नाही.

स्त्रीने उंबरठा ओलांडून कामाला जाणे म्हणजे मुक्ती, ही कल्पना ज्या घरांत जन्मली त्या घरांतल्या बायकांना घराबाहेर पडायची बंदी होती. त्या बंदीविरुद्ध त्या लढल्या, ते योग्यच झाले. पण दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त आणि कष्टकरी ओबीसी स्त्रिया पिढ्यानपिढ्या घराबाहेरच राबत आल्या आहेत. त्यांचा प्रश्न कामाला जाण्याचा नव्हताच. कुणाच्या शेतावर, किती मजुरीवर, कोणत्या नजरा आणि कोणते हात सोसत काम करायचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि आहे. कामातील सहभाग वाढला की समता वाढली असे मानणारा निर्देशक हा फरक पाहूच शकत नाही.

याच कारणाने अलीकडच्या एका आकड्याकडे सावधपणे पाहायला हवे. सरकारच्या नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेला. सरकारी भाषणांत हा आकडा महिला सक्षमीकरणाचा पुरावा म्हणून येतो. पण त्याच पाहणीत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त स्त्रिया 'घरच्या व्यवसायातील मदतनीस' या वर्गात मोडतात. म्हणजे शेतात, दुकानात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या, पण स्वतःच्या हाती पगार न येणाऱ्या. आकडा खरा आहे, पण तो जितके सांगतो त्याहून जास्त त्याच्याकडून वदवून घेतले जाते.

मोजमापातली दुसरी अडचण म्हणजे एकक. भारतात उत्पन्न, जमीन, कर्ज, दारिद्र्य हे बहुतेक वेळा कुटुंबावर मोजले जाते. बिहारच्या २०२३ च्या जातनिहाय सर्वेक्षणाने देशाला वाट दाखवली, त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिथेही गरिबीचा तक्ता कुटुंबांचाच आहे. कुटुंब मोजले की त्यातली बाई आकड्यात विरघळते. याचे सर्वांत लख्ख उदाहरण आपल्या मराठवाड्यात आहे. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. हिशेब होतो तो कोयत्याचा, आणि व्यवहार बहुधा पुरुषाच्या नावावर. मोळ्या बांधून, डोक्यावर घेऊन गाडीत भरणारी बाई त्या हिशेबात वेगळी मजूर म्हणून दिसतच नाही. खाडा झाला तर दंड मात्र दोघांच्या मजुरीतून कापला जातो. पाळीचे दिवस, बाळंतपण, आजारपण हे सगळे मग 'खाडा' या एकाच शब्दात जमा होते.

त्याचा परिणाम काय झाला, हे २०१९ मध्ये देशाने पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी गाजली आणि राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहापैकी एकीचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. वयोगट आणि पाहणीची पद्धत वेगळी असल्याने दोन्ही आकडे नेमके एकमेकांसमोर ठेवता येणार नाहीत, हे मान्य. तरीही अंतर एवढे मोठे आहे की ते केवळ पद्धतीच्या फरकाने भरून निघणार नाही. देशाच्या ३ टक्क्यांत बीडच्या तांड्यावरची आणि वस्तीवरची ही बाई हरवली होती. तिला शोधण्यासाठी तिच्या धंद्यात, तिच्या हंगामात आणि तिच्या माणसांत जाऊन वेगळे मोजावे लागले. ऊसतोडीत मोठ्या संख्येने असलेले मजूर भटक्या-विमुक्त, ओबीसी आणि दलित जातींतले आहेत, हे इथल्या वाचकांना सांगायला नको.

याच बीडचा दुसरा एक आकडा मात्र सरकारला आधीपासून ठाऊक होता. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे तिथे ८०७ मुली होत्या. २२ जानेवारी २०१५ रोजी पानिपतमध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातले १०० जिल्हे मुलींच्या या घटत्या प्रमाणावरून निवडले गेले. त्यात बीड होते. नंदुरबार आणि गडचिरोली नव्हते. कारण नंदुरबारमध्ये हे प्रमाण ९४४ होते आणि गडचिरोलीत ९६१. देशपातळीवरही हेच चित्र दिसते. २०११ मध्ये देशाचे प्रमाण ९१९, अनुसूचित जातींचे ९३३ आणि अनुसूचित जमातींचे ९५७. एका निर्देशकाने 'मुलगी वाचवा' हा देशाचा स्त्रीप्रश्न ठरला. तो प्रश्न खोटा नाही. आदिवासींतही हे प्रमाण २००१ च्या ९७३ वरून खाली आले, म्हणजे रोग पसरतो आहे. पण जिथे मुलगी जन्माला येऊ दिली जाते आणि नंतर कुपोषणाने, आश्रमशाळेतल्या हेळसांडीने किंवा कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने मरते, तो जिल्हा त्या पहिल्या यादीत बसत नव्हता. योजना २०१८ मध्ये सर्व जिल्ह्यांत नेली गेली, तरी तिचा साचा आधीच ठरला होता. पुढे संसदेच्या महिला सक्षमीकरण समितीने दाखवून दिले की २०१६ ते २०१९ या काळात राज्यांना दिलेल्या निधीतला ७८.९१ टक्के हिस्सा एकट्या प्रसिद्धीवर खर्च झाला. मुलींचे प्रमाण हेच यशाचे माप असले आणि दोष लोकांच्या मानसिकतेत आहे असे मानले की खर्च जाहिरातींवर होणार, दवाखान्यावर आणि वसतिगृहावर नाही.

स्त्रियांचे प्रमाण आणि जात यांचा संबंध आपल्याकडे सर्वांत आधी शास्त्रीयपणे कुणी मांडला? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. त्यातला युक्तिवाद संख्येपासूनच सुरू होतो. जातीबाहेर लग्न करायचे नाही असे ठरवले तर जातीच्या आत विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राखावी लागते. नवरा मेला की बाई 'जास्तीची' ठरते, बायको मेली की पुरुष. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा ही शिल्लक निकालात काढण्याचे मार्ग होते, असे त्यांनी दाखवले. जात टिकवायची तर स्त्रीवर ताबा ठेवावा लागतो, हे सूत्र त्यात आहे. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याकडे असा सिद्धांत मांडला गेला होता ज्यात जात आणि लिंगभाव वेगवेगळे मोजणे शक्यच नव्हते. आजच्या कुठल्याही जागतिक निर्देशांकात लग्नाचा जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य हा भारताला लागू पडेल असा निर्देशक नाही. भारतीय मानव विकास सर्वेक्षणाच्या २०११-१२ च्या फेरीत आंतरजातीय लग्नांचे प्रमाण जेमतेम ५ टक्के आढळले. भारतातली स्त्री किती स्वतंत्र आहे हे सांगणारा याहून बोलका आकडा मला माहीत नाही, आणि तो समतेच्या कोणत्याच क्रमवारीत धरला जात नाही.

बाबासाहेबांचे आणखी एक म्हणणे दर एप्रिलमध्ये फलकांवर झळकते. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत त्यांनी सांगितले होते की आपण एखाद्या समाजाची प्रगती त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. ते तिथे देशाच्या सरासरीविषयी बोलत नव्हते. समोर हजारोंनी जमलेल्या दलित स्त्रिया होत्या आणि माप त्यांच्या समाजाला लावायचे होते. हे माप आपल्यालाही लागू आहे. साक्षरतेतली स्त्री-पुरुष तफावत २०११ मध्ये देशात सुमारे १६ टक्क्यांची होती, अनुसूचित जातींत जवळपास १९ आणि अनुसूचित जमातींत १९ टक्क्यांहून थोडी अधिक. शाळेचा खर्च, अंतर, जातीचा जाच ही कारणे आहेतच. पण एकच मूल शिकवता येणार असेल तर ते मुलगाच असावे, हा निर्णय आपल्या घरातही होतो. जातनिहाय तक्ते आले तर हेही उघडे पडेल. त्याला आपण घाबरू नये. आपल्या वस्तीतल्या बायकांना ते आधीपासून ठाऊकच आहे.

आता सरकारी कागदांची अवस्था पाहू. केंद्रीय अर्थसंकल्पात २००५-०६ पासून लिंगभावाधारित विवरणपत्र दिले जाते. २०२५-२६ मध्ये त्यात ४.४९ लाख कोटी रुपये दाखवले होते. त्याच अर्थसंकल्पात अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींसाठीच्या तरतुदींची वेगळी विवरणपत्रे असतात. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि दलित स्त्रीसाठी किती पैसा आहे ते काढून दाखवा. निघत नाही. एका कागदात ती स्त्री आहे, दुसऱ्यात दलित आहे, दोन्ही एकत्र असलेली ती कुठेच नाही. गुन्ह्यांच्या नोंदींतही स्त्रियांवरील गुन्ह्यांचे तक्ते एका प्रकरणात आणि अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांचे दुसऱ्या प्रकरणात येतात. संसदेतही तेच. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ७४ स्त्रिया निवडून आल्या. निर्देशांकात हा आकडा तसाच जातो, त्यात ओबीसी किती, आदिवासी किती, हे त्याला विचारायचे नसते. २०२३ च्या महिला आरक्षण कायद्यातही अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांत स्त्रियांना वाटा आहे, पण ओबीसी स्त्रियांसाठी तरतूद नाही.

जातनिहाय मोजमापाला दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला तांत्रिक आहे: नमुना पाहणीत इतके लहान गट पाडले की आकडे विश्वासार्ह राहत नाहीत. पाहणीपुरते हे बरोबर आहे. म्हणूनच कुटुंब आरोग्य पाहणी अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि इतर अशा ढोबळ गटांवर थांबते. त्यामुळे 'ओबीसी' या एका शब्दात जमीनदार जातीची बाई आणि परीट, कुंभार, कैकाडी बाई एकत्र येतात. पण जनगणना म्हणजे नमुना नव्हे, तिथे प्रत्येक माणूस मोजला जातो. तिथे हा आक्षेप टिकत नाही. गावपातळीवर एखाद्या छोट्या जातीची दोनच घरे असतील तर त्यांची माहिती उघड होण्याचा धोका खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे लहान जातींचे तक्ते तालुका किंवा जिल्हा पातळीवरच प्रसिद्ध करणे. तक्तेच न काढणे हा उपाय नाही.

दुसरा आक्षेप भावनेचा आहे: स्त्रियांना जातींत विभागू नका, चळवळ दुबळी होईल. हा आक्षेप बहुधा त्यांच्याकडूनच येतो ज्यांची स्थिती सरासरीपेक्षा बरी आहे. काळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, २०२४ मध्ये २८९. पुरुषांची मिनिटे मात्र ९७ वरून ८८ झाली, म्हणजे पुरुषांनी भार उचलला म्हणून बायकांचा कमी झाला असे नाही. एखाद्या सुखवस्तू घरात बाईची मिनिटे कमी होतात ती बऱ्याचदा धुणीभांडी करणाऱ्या दुसऱ्या बाईमुळे. ती दुसरी बाई पाहणीत 'रोजगार' म्हणून मोजली जाते, आणि घरी परतल्यावर तिचा स्वतःचा चुलाही वाट पाहत असतो. पाण्याला लागणारा वेळही नळ कुणाच्या गल्लीत आहे यावर ठरतो. ही विभागणी मोजणाऱ्याने केलेली नाही. ती आधीपासून आहे, आणि १९९० च्या दशकात दलित स्त्रियांनी आपल्या स्वतंत्र संघटना उभ्या केल्या तेव्हा त्यांनी हेच ठणकावून सांगितले होते.

१९३१ नंतर देशात सर्व जातींची गणना प्रसिद्ध झाली नाही. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात जातीची माहिती गोळा केली गेली, पण तिचे आकडे लोकांसमोर आलेच नाहीत. म्हणून यावेळी केवळ 'जात विचारली' यावर समाधान मानून चालणार नाही. लोकसंख्येच्या टक्क्यांवर राजकारण होईल, राजकीय पक्षांना तेवढे पुरेसे आहे. आपल्याला त्यापुढचे मागावे लागेल. साक्षरता, शाळेतली उपस्थिती, विवाहाचे वय, जन्मलेली आणि हयात असलेली मुले, कामाचा प्रकार आणि स्थलांतर यांचा प्रत्येक तक्ता जात आणि लिंग दोन्हींनी एकाच वेळी विभागून प्रसिद्ध झाला पाहिजे. स्त्री आणि पुरुष या दोन रकान्यांत न बसणाऱ्यांचेही तक्ते तसेच हवेत. घरात राबणारी बाई 'काम न करणारी' म्हणून नोंदवली जाऊ नये यासाठी प्रगणकांच्या प्रशिक्षणात स्पष्ट सूचना हवी. अर्थसंकल्पात दलित, आदिवासी आणि ओबीसी स्त्रियांसाठीच्या तरतुदी एका विवरणपत्रात एकत्र दिसायला हव्यात.

आपल्या कार्यकर्त्यांना माझे एक सांगणे आहे. प्रगणक दारात येतो तेव्हा बहुतेक घरांत उत्तरे पुरुष देतो. घरातली बाई काय काम करते या प्रश्नाला 'काही नाही, घरीच असते' असे उत्तर जाते, मग ती दिवसभर कापूस वेचून आलेली का असेना. जातीची नोंद बरोबर करा म्हणून आपण वस्त्यांवस्त्यांतून सांगतो. त्याच बैठकीत हेही सांगू या, की कामाच्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या बाईने स्वतः द्यावे आणि प्रगणकाने काय लिहिले ते वाचून घ्यावे. तेवढ्या एका ओळीवर उद्याचा तक्ता उभा राहणार आहे.